कर्जत स्टेशनावर नेमकं काय झालं

कोळसेवाडी, कल्याण (पूर्व)
मंगळवार, दुपारचे तीन

प्रिय आनंदराव यांस,

भगवानचा सप्रेम जयभीम. तुमची शुगर आटोक्यात असेल, वहिनींची कंबर थंडीच्या आधी ताळ्यावर आली असेल आणि मनमाडच्या नळाला पाणी पूर्वीपेक्षा कमी दिवसांच्या अंतरानं येत असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (तुमची बहीण केशर जरा जास्तच खुशाल आहे. ते पुढे येईलच.) घरात दोन-दोन मोबाईल असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. कारण असं, की तुमची बहीण रोज संध्याकाळी सात वाजता तुम्हाला फोन लावते आणि रविवारची हकीकत तिनं तुम्हाला आतापर्यंत दोनदा सांगितली आहे. मी आतल्या खोलीत होतो. "कर्जतला उतरून बसले" असे शब्द मी ऐकले, पाठोपाठ तुमचं हसणं ऐकलं (फोन स्पीकरवर होता), मग वहिनींचंही ऐकलं.  पण कल्याणच्या लोको शेडमध्ये चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात हसलं जावं, हे मला मान्य नाही. म्हणून माझी बाजू लेखी देतोय. जपून ठेवा, आणि वहिनींनाही वाचून दाखवा.

मुळापासून सांगतो. भाजे आणि कार्ल्याची लेणी केशरला दाखवायची, हे मी लग्नाच्या वर्षीच कबूल केलं होतं. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. मध्ये कधी माझी शिफ्ट आली, कधी सिद्धेशची दहावी, कधी शेडमध्ये माणसं कमी म्हणून रजा नामंजूर, कधी पावसात घाट बंद. ही सगळी कारणं खरी आहेत, मी रजिस्टर दाखवू शकतो. पण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, की केशरच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन जानेवारीत करायचं आणि नंतर पायऱ्यांचं नाव बराच काळ काढायचं नाही. घरी आल्यावर केशर लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे लेणी राहिलीच." एवढंच. तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. आनंदराव, तुमची बहीण भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. त्या रात्री मी ठरवलं, की नोव्हेंबर संपायच्या आत हिला लेण्यांत उभी करायची, आणि मीच करायची.

आता जायचं कसं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर एकच होतं. कल्याणहून सकाळची पुण्याची गाडी धरायची, लोणावळ्याला उतरायचं, तिथून लोकलनं मळवली, तिथून भाजे हाकेच्या अंतरावर. पण मी हे सिद्धेशला सांगायची चूक केली. तुमचा भाचा घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहायला गेल्यापासून त्याला जमिनीवरून चालणारी कुठलीही गोष्ट सरळ दिसत नाही. तो म्हणाला, पप्पा, मी गाडी सांगतो, आईचे गुडघे बघा, कल्याणचा जिना बघा, लोणावळ्याचा जिना बघा. मी म्हणालो, अरे, घोडबंदरवरून निघणाऱ्या गाडीला वेळापत्रक असतं का? तू परवा ऑफिसातून नऊला निघून साडेअकराला घरी पोचलास, तेही पाच मैलांवरून. आगगाडी निदान कागदावर तरी कधी येणार ते सांगते. त्यावर त्यानं कॉम्प्युटरवर दोन रकान्यांचा तक्ता करून मला पाठवला, एकीकडे ट्रेन, दुसरीकडे भाड्याची गाडी, आणि ट्रेनच्या रकान्यात 'आईला त्रास' हे तीनदा लिहिलं. मीही गप्प बसलो नाही. ऋतिकाच्या (आमची नात, तुम्ही तिला बारशाला पाहिली, आता आठवीत आहे) वहीतलं रेघांचं पान फाडून मी चौदा मुद्दे लिहिले. त्यातले काही सांगतो. आगगाडीत संडास असतो. आगगाडीत उलटी होत नाही. घाटातला बोगदा रस्त्यावरून दिसत नाही. आणि सेवानिवृत्त माणसाला सरकारनं मानानं पास दिलेला असताना त्यानं कुणाच्या मोटारीत मागे कोंबून जावं, हे शोभत नाही.

हे पंधरा दिवस चाललं. तो तिकडून, मी इकडून. शेवटी सूनबाईनं (प्रीती समजूतदार आहे, तिच्या माहेरची माणसं रेल्वेतली नसूनही) तोडगा काढला. तिघं जण ठाण्याहून मोटारीनं निघतील, आम्ही दोघं कल्याणहून आगगाडीनं, आणि दहा वाजता भाज्याच्या पायथ्याशी भेट. मोटार कोलशेतच्या मयूरची. हा तिथला जुना आगरी मुलगा, वडिलांची खाडीकाठची जमीन गेली तेव्हा आलेल्या पैशातून त्यानं सात माणसांची गाडी घेतली आणि भाड्यानं चालवतो. मी तोडगा मान्य केला, कारण कोण आधी पोचतं ते मला माहीत होतं. या सगळ्यात केशरला ट्रेन हवी की मोटार, हे कुणी विचारलं नाही. (हे मला आज लिहिताना सुचतंय. तेव्हा ती दोन्ही पक्षांना चहा देत होती.)

रविवारी पहाटे आम्ही गाडीच्या पाऊण तास आधी कल्याणच्या फलाटावर हजर होतो. जिना मी तिला हात धरून चढवला, सावकाश, मध्ये दोनदा थांबून. काही बिघडलं नाही. गाडी वेळेवर आली. (सिद्धेशला मी त्याच क्षणी फोन करून कळवलं. तो तेव्हा घोडबंदर रोडवर एका उलटलेल्या कंटेनरच्या मागे उभा होता. मी जास्त बोललो नाही, फक्त हसलो.) केशरला खिडकी मिळाली. तिनं पांढरी साडी नेसली होती, मांडीवर डब्यांची पिशवी होती, सहा माणसांना पुरेल एवढी भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी. तिच्या पर्समध्ये माझा पास, माझं ओळखपत्र आणि माझा फोन. फोन मीच दिला, कारण माझ्या शर्टाचा खिसा फाटका आहे हे मला बदलापूर गेल्यावर कळलं. हा तपशील लक्षात ठेवा.

आता कर्जत. तुम्हाला माहीतच आहे, पण वहिनींसाठी सांगतो, की पुढे घाट असल्यामुळे कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, ती गाडीला खालून वर ढकलतात. त्यांना बँकर म्हणतात. ही इंजिनं माझ्या हातांखालून गेलेली आहेत. मी केशरला म्हणालो, वडे आणतो. हे खोटं नव्हतं, वडे मी आणणारच होतो. पण वडेवाला पुढच्या डब्याशी होता आणि माझे पाय मागच्या टोकाला वळले, त्याला मी काय करणार? मागं गेलो तर तिसऱ्या इंजिनाच्या वाळूच्या नळीकडे नजर गेली. चढावर चाक घसरायला लागलं की रुळावर वाळू सोडावी लागते, ती त्या नळीतून पडते. नळी दोन बोटं बाहेरच्या अंगाला वाकलेली होती. वाळू रुळावर न पडता खडीवर पडली असती. सांगा, अशा वेळी फिटरनं वडे बघायचे, की नळी बघायची? मी ओणवा झालो. इंजिनातल्या असिस्टंट ड्रायव्हरला हाक मारली. त्यानं वरून विचारलं, "काका, कुणाला शोधताय?" मी नळी दाखवली, अठ्ठ्याऐंशी साली अशाच नळीपायी मालगाडी खंडाळ्याखाली दीड तास कशी अडकली तेही सांगितलं, जरा सविस्तर सांगितलं. आणि मग नळी माझ्यापासून लांब जाऊ लागली.

तर लोक म्हणतात की भगवानची गाडी चुकली. हे साफ चूक आहे. गाडी चुकते ती उशिरा येणाऱ्याची. मी आधीपासून तिथं होतो, गाडीला हात लावून उभा होतो. ती गेली, एवढंच. तो असिस्टंट दारातून जोरजोरानं हात हलवत होता. मीही हलवला. माझा हात खाली आला तेव्हा मला कळलं, की तो निरोप देत नव्हता.

फलाट रिकामा झाला. माझ्याजवळ पास नाही, ओळखपत्र नाही, फोन नाही, वडेसुद्धा नाहीत. अशा वेळी दुसरा कुणी बाकाच्या मागे लपला असता. मी स्वतः टीसीकडे चालत गेलो आणि सांगितलं, की मी विनातिकीट आहे, कारवाई करा. त्यानं खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, "काका, बसा. पाणी घ्या." मी कारवाईचा आग्रह धरला. त्यानं चहा मागवला. मग त्याच्या फोनवरून घरच्यांना कळवायचं ठरलं, तेव्हा ध्यानात आलं, की मला फक्त दोन नंबर तोंडपाठ आहेत, एक शेडचा जुना आणि एक माझा स्वतःचा. मी स्वतःला फोन लावला. केशरनं उचलला. मी म्हणालो, अगं, मी कर्जतला आहे, काम निघालं, तू लोणावळ्याला बाकावर बसून राहा, हलू नको, मी पुढच्या गाडीनं येतो. (पुढची गाडी दीड तासानं होती आणि पास तिच्याजवळ होता, पण तिला घाबरवायचं नव्हतं.) ती घाबरलेली वाटली नाही. म्हणाली, "बरं. तुम्ही सावकाश या." तेवढ्यात बोगदा आला आणि फोन तुटला. लग्नानंतर तिनं मला सावकाश या म्हटल्याची ही पहिलीच वेळ. मी ते प्रेमानं म्हटलेलं समजलो.

सिद्धेशला तिनंच कळवलं. मोटार तेव्हा कशीबशी पनवेल ओलांडत होती, ती मला घ्यायला कर्जतकडे वळली. स्टेशनाच्या दारात गाडी थांबली तेव्हा काच खाली करून ऋतिका म्हणाली, "आजोबा, तुमची ट्रेन कुठंय?" मी म्हणालो, मी पुढच्या आगगाडीनंच येणार, तुम्ही निघा. सिद्धेश कपाळाला हात लावून उभा राहिला. शेवटी मयूर उतरला. म्हणाला, "काका, गारीन बसा. एकवीरा आईचे रोडला आमी दरसाल जातांव, डोलं मिटून पोचवतंव." (कार्ल्याची लेणी आपली आणि त्यांच्या दारातली आई त्यांची, पायऱ्या दोघांच्या एकच. त्यावर आमचं पुढे छान बोलणं झालं.) डोळे मिटून चालवणाऱ्याच्या शेजारी जाणत्या माणसानं बसायला हवं, एवढ्याच कारणासाठी मी पुढच्या सीटवर बसलो. मी मोटारीतून गेलो, असं याला म्हणता येणार नाही. मी रस्ता दाखवायला गेलो.

रस्ता मीच दाखवला, त्यामुळे खोपोलीच्या बाजूला एका फाटकाशी आम्ही थांबलो. सिद्धेशच्या मोबाईलमधली बाई दुसरीकडून जा म्हणत होती. मी तिला गप्प करायला सांगितलं. फाटक वीस मिनिटं बंद होतं.  मी उतरून फाटकाशी उभा राहिलो, खोपोली लोकल गेली, मोटरमननं माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या दिवसातली ही एकच गोष्ट माझ्या मनासारखी झाली. मागच्या सीटवरून प्रीतीनं हळूच विचारलं, की आईंच्या पिशवीत डबे आहेत ना? तेव्हा आम्हा सगळ्यांनाच भूक लागली असल्याचं ध्यानात आलं. लोणावळा आलं. मी धावत फलाटावर गेलो, या वयात, सगळे बाक पाहिले. केशर नव्हती. फोन लागेना. आनंदराव, तुम्ही मला हसा, पण त्या दहा मिनिटांत मी तेच बाक आणखी तीनदा पाहिले. कल्याणच्या बाहेर ती एकटी कधी गेलीच नव्हती, मनमाडलासुद्धा मी तुमच्या हवाली करून यायचो. तेवढ्यात सिद्धेशच्या फोनवर एक फोटो आला. लेण्याच्या मोठ्या कमानीखाली पांढऱ्या साड्यांतल्या अकरा बायका, त्यांत मधोमध तुमची बहीण. चष्मा डोक्यावर. हसत होती.

मग कळलं ते असं. ती बाकावर बसली, पाच मिनिटं बसली. समोर डोंबिवलीच्या बुद्धविहारातल्या दहा बायका लोकलची चौकशी करत होत्या. त्यांच्या पुढारी संचिताताई, बँकेतून निवृत्त. त्यांनी विचारलं, कुठं? ही म्हणाली, भाजे. त्या म्हणाल्या, मग बसलात कशाला? आणि ही उठली. मळवलीपर्यंत लोकल, पुढे रिक्षा, मग पायऱ्या, प्रत्येक वळणावर बसून, सगळ्या जणी तिच्यासाठी थांबून. वर चैत्यात त्यांनी वंदना घेतली. हिनंही म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, आणि आवाज घुमला म्हणे. आम्ही दीड वाजता पायथ्याशी पोचलो, तेव्हा ती झाडाखाली पाय पसरून बसली होती, शेजारी डबे आणि त्यांची पिशवी, घडी घालून ठेवलेली. भाकरी सगळ्यांनी वाटून खाल्ली होती. सिद्धेशनं रिकामा डबा उघडून पाहिला, वासही घेतला, आणि झाकण परत लावलं.

मी केशरसमोर उभा राहिलो. मला बरंच बोलायचं होतं, बाकावरून हलू नको म्हणून सांगितलं होतं वगैरे. पण तोंडातून आलं ते एवढंच, की चल, ऊठ, मी तुला दाखवतो. ती म्हणाली, "मी बघून आले." रागानं नाही. तुम्ही बाजारात जाऊन आलात आणि कुणी विचारलं तर जसं सांगाल, तसं. मग म्हणाली, तुम्ही या बघून, मी बसते इथं, दम खाते. मी ऋतिकाला घेऊन वर गेलो. चैत्याच्या छताला लाकडाच्या कमानी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनं लाकूड, अजून जागच्या जागी. त्यांचे सांधे मी नीट पाहिले, काम चोख आहे. ऋतिकाला समजावूनही सांगितलं. पण मला तिथं करमलं नाही. एकेचाळीस वर्षं मी मनात जे चित्र धरलं होतं, त्यात ती पुढे आणि मी मागून सांगत, असं होतं. आता ती जागा तिनं माझ्याशिवाय पाहिली होती आणि मी तिच्याशिवाय पाहत होतो. मला वाईट वाटलं, आनंदराव. हे मी घरी कुणाला बोललो नाही.

येताना सगळे मोटारीनं आलो. कार्ल्याला जायला वेळ उरला नाही आणि केशरचे पायही सुजले होते. मी पुन्हा पुढे बसलो. मागे केशर प्रीतीला आणि नातीला सगळं सांगत होती, कुठल्या खांबाशी बसली, संचिताताई काय म्हणाल्या, पाखरं कुठून आत येतात. कल्याण येईपर्यंत सांगत होती. मी आरशातून बघत होतो. एवढं बोलताना तिला मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. तरीही तत्त्वाचा प्रश्न तसाच राहतो. ती लेण्यांत वेळेत पोचली ती आगगाडीनं. मोटारीतली माणसं उपाशी आणि उशिरा पोचली. म्हणजे माझा मुद्दा सिद्ध झाला, फक्त मी त्यात नव्हतो. हे तुम्ही सिद्धेशला तुमच्या शब्दांत कळवावं.

वहिनींना आणि मुलाबाळांना जयभीम, धाकट्यांना आशीर्वाद. सोबत सिद्धेशच्या तक्त्याची प्रत जोडत आहे. माझे चौदा मुद्दे जोडत नाही, ऋतिकानं त्या पानाच्या पाठीमागे गणितं केली आणि बाईंना दिलं.

आपला,
भगवान

ता. क. : वर एक गोष्ट राहिली. गाडी सुटण्याआधी शिट्टी झाली होती, ती मी ऐकली. दोनदा झाली होती, दोन्ही ऐकल्या. पण मालगाडीची गोष्ट अर्ध्यावर होती. हे फक्त तुम्हाला सांगतोय.

दुसरा ता. क. : त्या नळीचं. मी कर्जतहून निघण्याआधी टीसीकरवी खंडाळ्याला विचारणा केली होती. गाडी वेळेवर वर पोचली. नळीची रचनाच हल्ली तशी असते म्हणे, बाहेरच्या अंगाला. बदललेली आहे. मला कुणी कळवलं नव्हतं.

तिसरा ता. क. : आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. डोंबिवलीच्या या बायका ऑपरेशनच्या आधी, डिसेंबरात, सांचीला निघाल्यात, चार दिवस, आणि केशरनं आपलं नाव दिलं आहे. एकटीचं. मला यादीवरून कळलं, ती फ्रिजवर लावली आहे. मी संचिताताईंना फोन केला, की पुरुषांना मनाई आहे का. त्या म्हणाल्या, मनाई नाही, पण कुणाबरोबर कोण येणार हे जिचं तिनं ठरवायचं, केशरताई हो म्हणाल्या तर घेऊ. काल जेवताना मी केशरला सहज विचारल्यासारखं विचारलं. तिनं डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघू." आनंदराव, हा शब्द मी तिला एकेचाळीस वर्षं ऐकवला आहे, त्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे. ती तुमचं ऐकते. पुढच्या शनिवारी यादी बंद होतेय. पत्र मिळाल्याबरोबर फोन करा. मला नको, तिला.